दाखल अंक 7318

रविवार, भर दुपार

चि. बाबूस,

आईचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोनवर आपलं बोलणं "जेवलास का" आणि "रेंज जातेय" यांच्यामध्ये कुठेतरी संपतं. परवा तू विचारलंस, "आई, 31 जुलैला सुटशील ना एकदाची? आता सगळं ऑनलाइन मिळतं, त्या वाचनालयात राहिलंय काय?" मी म्हटलं गॅसवर दूध ठेवलंय, आणि फोन ठेवला. दूध नव्हतं बाबू. उत्तर सुचलं नव्हतं.

आज सुचलंय असंही नाही. पण पाऊस चार दिवस उघडीप देत नाहीये, बाबा झोपलेत, लाईट आत्ताच गेली. म्हणून बसले.

आधी तुझ्या प्रश्नातलं "त्या वाचनालयात" घेते. सध्या तिथे पाय ठेवायला जागा नसते. 1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करून करून माणूस किती करणार? मग तांडेल, खलाशी, बर्फवाले, सगळे येतात. ओल्या छत्र्या कोपऱ्यात, चपलांचा ढीग दारात, आणि "बाय, त्या खुनाचा दुसरा भाग आला काय वो?" ही आरोळी. आंब्याच्या दिवसांत मात्र कावळा फिरकत नाही. गणपतीला मुंबईकर येतात, दहा दिवसांत वर्षाचं वाचून जातात आणि दोन पुस्तकं बॅगेतून मुंबईला नेतात. बंदी 31 जुलैपर्यंत असते, माझी नोकरीही तेवढीच. होड्या पाण्यात उतरतील आणि मी घरी येईन, अशी गंमत आहे.

1990 मध्ये मला ठेवून घेताना तेव्हाचे कार्यवाह म्हणाले होते, "बसायचं काम आहे बाई, तुम्हाला जमेल." छत्तीस वर्षांत बसले कधी ते आठवत नाही. शिडीवर चढणं, वाळवी शोधणं, वर्गणीसाठी दारोदार फिरणं, वर्षाच्या शेवटी एकेक पुस्तक हातात घेऊन पडताळणी. पगाराचं तुला माहीतच आहे. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात आहे, त्याखाली वाचनालयांना अ-ब-क-ड वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ते हप्त्याने येतं, आणि हप्ता आला की पगार होतो. वेतनश्रेणी नावाची गोष्ट आमच्या नशिबी नाही. तुझी सातवीतली सायकल दिवाळीऐवजी मार्चअखेर आली ती त्यामुळे. तेव्हा मी तुला "दुकानात रंग नव्हता" असं सांगितलं होतं. पाठ केलेली थाप होती, मैत्रिणींनाही हीच सांगायचे.

तुला वाटतं आई कुठे गेली नाही, समुद्र आणि कपाटं यांच्यातच आयुष्य गेलं. अरे, मी केवढी फिरले आहे, तेही पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून. दर वर्षी ग्रंथखरेदीला पुण्याला अप्पा बळवंत चौकात जायचं, दिवसभर दुकानं पालथी घालायची, सुतळीने गठ्ठे बांधायचे आणि रात्रीची एसटी धरायची. एका वर्षी तू बरोबर होतास, चार वर्षांचा. गाडीला ही गर्दी. कंडक्टर म्हणाला, या गठ्ठ्यांचं लगेज पडेल. मी म्हटलं, वाचनालयाची पुस्तकं आहेत. तो म्हणाला, वजन तर कांद्याएवढंच आहे ना? पैसे भरले. मग त्यानंच तुला उचललं, गठ्ठ्यावर बसवलं आणि म्हणाला, "आता हा लगेजवर बसलाय, याचं वेगळं तिकीट नाही." वरंध घाटात तू त्या गठ्ठ्यावर ओकलास. सगळ्यात वरचं पुस्तक बालविभागाचं होतं. पुसून घेतलं, दाखल केलं, बरीच वर्षं चाललं.

पण ज्या प्रवासाने मला माझं काम समजलं तो तंजावरचा. जिल्ह्यातले आम्ही अकरा ग्रंथपाल मिळून गेलो होतो, स्वखर्चाने. खेडला कोकण रेल्वेत बसलो, दोन ठिकाणी गाड्या बदलल्या, बरोबर दडपे पोहे आणि कोकमाच्या बाटल्या. तोवर मला ग्रंथालयशास्त्र म्हणजे परीक्षेला पाठ केलेली रंगनाथनांची पाच सूत्रं. "ग्रंथ उपयोगासाठी आहेत" हे पहिलं. 1931 साली मांडली त्यांनी ती. ते मूळचे त्याच तंजावर भागातले, शियाळी गावचे. गणित शिकवायचे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की मला परत शिकवायला पाठवा म्हणून मागे लागले! परीक्षेच्या पुस्तकात हे नव्हतं. असतं तर मला त्यांचा जास्त आधार वाटला असता, कारण पहिल्या पावसाळ्यात मीही रोज राजीनामा मनात लिहीत होते.

तर तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय. भोसल्यांचं राज्य तिथे होतं हे शाळेत वाचलेलं. पण बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरलेला पाहिला, तेव्हा अंगावर काटा आला. आजूबाजूला सगळी तमिळ आणि भिंतीवर आपली भाषा, 1803 सालची. ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांचा संग्रह आहे. ताडपत्रं, काशीहून आणवलेल्या पोथ्या, मोडीतल्या कागदांची गाठोडीच्या गाठोडी, आणि इंग्रजी-फ्रेंच छापील पुस्तकं, ज्यांच्यावर राजानं स्वतःची इंग्रजी सही केली आहे. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला होता. उरलेला वेळ या माणसाने असा घालवला.

तिथल्या एका वयस्क कर्मचाऱ्याने आम्हाला कपाटामागे नेलं आणि एक पुरचुंडी नाकाशी धरली. मी डोळे मिटून सांगितलं, वेखंड! तू बाळ असताना तुझ्या टाळूला लावायचे तेच. वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कापूर असं कुटून फडक्यात बांधायचं आणि पोथ्यांमध्ये ठेवायचं. ताडपत्रांना गवती चहाचं तेल पुसायचं. मी मुंबईहून डांबराच्या गोळ्या मागवत होते आणि आजीच्या डब्यातला उपाय मला तंजावरला कळला. परत आल्यावर पहिलं काम केलं ते वेखंडाच्या दीडशे पुरचुंड्या शिवायचं. तू आणि बाबा पंधरा दिवस शिंकत होतात.

तिथेच मी मोडी शिकायचं ठरवलं. नंतर शिकलेही. आपल्याकडे एका घरातून आलेलं दप्तर आहे ना, गलबतांच्या मालाचं, सुपारी किती, मीठ किती, कोणाचं देणं किती, ते आता मला वाचता येतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हे लक्षात ठेव, पुढे त्याचं काम आहे.

आता तुझ्या ऑनलाइनकडे येते.

तुला वाटतं मी त्या विरुद्ध आहे. बाबू, आपल्या तालुक्यातल्या वाचनालयांमध्ये संगणक लवकर आणणाऱ्यांत मी होते. 2008 मध्ये अध्यक्षांच्या मागे लागून घेतला. त्यावर एका कंपनीची ग्रंथालय प्रणाली बसवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, आता ती नाहीच. पेनड्राइव्हसारखी एक किल्ली दिली होती, ती खोचली तरच प्रणाली उघडायची. मी सहा वर्षं संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर नोंदी भरल्या. नऊ हजारांच्या वर. मग संगणक बिघडला, नवा आणला, आणि नव्यावर ती किल्ली चालेना. फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही. नोंदींची फाइल माझ्याकडे होती, ती तुझ्या मित्राने उघडून दाखवली. कंपनीने स्वतःचा फॉन्ट वापरला होता. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. त्यात केशवसुत कुठे आणि पाककला कुठे, काही कळेना. सहा वर्षांच्या संध्याकाळी समोर होत्या आणि मला वाचता येत नव्हत्या. मोडी येत होती, हे नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. तू हॉस्टेलवर होतास, तुला कळवलं नाही.

कोहा, म्हणजे आत्ताची ग्रंथालय प्रणाली, तू मला त्यानंतरच्या दिवाळीत बसवून दिलंस. त्याची गोष्ट मी नंतर वाचली आणि फार आवडली. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाचा भाग आहे, तिथली लहानशी ग्रंथालय संस्था. 2000 साल उजाडल्यावर त्यांची जुनी प्रणाली चालणार नव्हती. त्यांनी 1999 मध्ये नवी करून घेतली आणि ती जगाला फुकट देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे आहेर. पाहुण्याने आणायचा आणि कधीतरी परतफेड व्हायची तसा. म्हणजे आमच्यासारख्याच कुठल्यातरी अनुदानावरच्या बाईचं किंवा बाप्याचं डोकं असणार ते. यात नोंद युनिकोडमध्ये, सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतात, म्हणजे उद्या कोहा राहिलं नाही तरी अक्षरं वाचता येतील. किल्ली नाही, कुलूपही नाही.

तरी अडतं रे. एक उदाहरण देते, तुझ्या धंद्यातलं आहे. "ॲटलास" शोधायला गेले तर कपाटात चार, पडद्यावर एक. दोन दिवस डोकं फोडलं. मग कळलं की मी सुरुवातीला "अ" लिहून त्यावर चंद्र दिला होता, मध्ये कुणीतरी हिंदीसारखा "ऍ" टाइप केला, आणि नव्या कीबोर्डावर "ॲ" थेट येतो. हा थेट "ॲ" युनिकोडमध्ये आलाच मुळी 2008 मध्ये. डोळ्याला पहिला आणि तिसरा अगदी सारखे, यंत्राला तिन्ही परके. तसंच "कवी" आणि "कवि". जुनी पुस्तकं जुन्या शुद्धलेखनाची, मुखपृष्ठावर असेल तसं लिहायचं हा आमचा नियम, आणि शोधणारा आजच्या नियमाने शोधतो. मोडी वाचणाऱ्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत नव्हती, तो मजकुरावरून ओळखायचा. तुमच्या यंत्राला कधी जमेल तेव्हा सांग. तोवर मी दोन्ही रूपं भरते.

आता 3 जून 2020. तू पुण्यात अडकलेला, इकडे यायला पास नाही, आणि मी फोनवर फक्त "आम्ही बरे आहोत" म्हटलं. मग महिनाभर वीज नव्हती, सांगायचं राहिलं ते राहिलंच. आज सांगते.

निसर्ग चक्रीवादळ दुपारी आलं. वाडीतले माड काडीसारखे वाकत होते, पोफळी तर कंबरेतून मोडल्या. वाचनालयाचे पत्रे उडाले ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. रस्त्यावर झाडंच झाडं, बाबा आणि मी फांद्यांखालून वाकून गेलो. मागच्या खोलीवर आकाश होतं. संदर्भविभाग, बांधीव मासिकं, संगणक, सगळ्यावर रात्रभर पाऊस पडलेला. आणि पडतच होता.

ओलं पुस्तक दोन दिवसांच्या आत वाळायला लागलं नाही तर बुरशी धरते. हे मी वर्गात शिकले होते, पण वर्गात पंखे असतात. ओली पुस्तकं गोठवून ठेवावीत म्हणजे बुरशी थांबते, असंही वाचलं होतं. हर्णैला बर्फाचे कारखाने आहेत! पण वीज नाही तर बर्फ कुठला. शेवटी शाळेच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या. लहान पुस्तकं मधोमध उघडून दोरीवर, मोठी उभी करून पानं पंख्यासारखी पसरलेली, पानांमध्ये रद्दी. रद्दी दिवसातून दोनदा बदलायची. घराघरातून मागून आणली. लोकांची स्वतःची कौलं गेली होती, तरी बायका पदराखाली रद्दी झाकून आणून देत होत्या.

दोन गोष्टी पाहिल्या त्या मात्र कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची महागडी पुस्तकं, जी आम्ही "फक्त वाचनालयात बसून पाहण्यासाठी" असा शिक्का मारून काचेच्या कपाटात ठेवली होती, त्यांची वीट झाली. पान पानाला चिकटलं, सुरीनेही सुटेना. आणि जुनी, पिवळी, खरखरीत कागदाची, हजार हातांतून गेलेली पुस्तकं फुगली, वाकडी झाली, पण वाळली.

दुसरी गोष्ट दाखल नोंदवह्यांची, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक देऊन आम्ही ज्यांत नोंदतो त्यांची. पहिल्या चार वह्या माझ्या आधीच्या ग्रंथपालांच्या. ते निळ्या-काळ्या शाईने, फाउंटन पेनाने लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. एक ओळ फुटली नव्हती. पाचवी, सहावी माझी. जेलपेन. मला त्याचा गुळगुळीतपणा फार आवडायचा. वही उघडली तर पानभर निळं पाणी, जसा काही कुणी नीळ कालवलीय. 1990 नंतरचं सगळं दाखल माझ्याच हाताने पुसलेलं. मी तिथे शाळेच्या पायरीवर बसून रडले, हे बाबांनाही माहीत नाही. त्यांना वाटलं मी रद्दी निवडतेय.

तेव्हा तुला रात्री फोन केला होता, टेकडीवर जाऊन, आठवतं? तुला विचारलं की दिवाळीत तू कोहाची प्रत तुझ्या लॅपटॉपवर घेतली होतीस ती आहे का. तू झोपेत "आहे गं" म्हणालास आणि फोन कट झाला. सहा हजार दोनशे नोंदी त्यात होत्या. तू त्या "असू दे" म्हणून घेतल्या होत्यास.

आणि मग ऑक्टोबरात वाचनालयं उघडायची परवानगी आली. मार्चपासून बंद असल्यामुळे लोकांकडे पुस्तकं तशीच अडकली होती. माझ्या डोक्याला तो घोर वेगळाच, की एवढी येणे पुस्तकं आता कोण परत करणार? एकेक जण येऊ लागला. कुणी पिशवीत, कुणी ओढणीत गुंडाळून. तांडेल आला, त्याच्या घराचं छप्पर गेलं होतं, पण पुस्तक त्याने तांदळाच्या पिंपात ठेवलं होतं. 412 पुस्तकं बाहेर होती, 397 परत आली. कोरडी. जी मी जपून कपाटात ठेवली ती गेली आणि ज्यांच्या नावावर मी दंड लावत होते त्यांनी वाचवली. त्या वर्षी दंड माफ केला. संचालक मंडळात एक गृहस्थ म्हणाले, हा आर्थिक शिस्तीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, इतिवृत्तात तसं लिहा.

म्हणून तू पाठवलेल्या त्या वाचायच्या यंत्राबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. अक्षर मोठं होतं, मोतीबिंदूच्या आधीच्या वर्षात त्याने मला तारलं, खोटं कशाला बोलू. रात्री दिवा न लावता वाचता येतं, बाबांची झोप मोडत नाही. पण त्यातलं एक पुस्तक शेजारच्या वहिनींना आवडेल असं वाटलं तर देऊ कशी? सगळं यंत्रच द्यावं लागेल, म्हणजे माझी उरलेली पुस्तकं गेली. विकत घेतलेलं पुस्तक दुसऱ्याला देता येत नसेल तर ते मी विकत घेतलं की भाड्याने, ते तू मला नीट समजावून सांग. छत्तीस वर्षं देवघेव खात्यात काढलेल्या बाईला हे पचत नाही.

आणि ते गप्पा मारणारं यंत्र! मागच्या महिन्यात कॉलेजची एक मुलगी प्रकल्पासाठी आठ पुस्तकांची यादी घेऊन आली. कोकणातल्या बंदरांवरची. नावं इतकी छान की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पाच सापडली, काही आपल्याकडे, काही रत्नागिरीला विचारून. तीन सापडेनात. मी चार ठिकाणी फोन केले, प्रकाशकाला विचारलं. दुसऱ्या दिवशी ती लाजत म्हणाली, "मॅडम, यादी मी मोबाइलला विचारली होती." तिन्ही पुस्तकं जगात नव्हतीच. आमच्या शास्त्रात हरवलेल्या पुस्तकाला शेरा आहे, फाटलेल्याला आहे, वाळवीने खाल्लेल्याला आहे. न लिहिलेल्याला कुठला लावू? तिला रागावले नाही. तिला ते गलबतांचं दप्तर दाखवलं. आता दर शनिवारी येते, मोडी शिकते, आणि गंमत म्हणजे अक्षर अडलं की त्याचा फोटो काढून त्याच मोबाइलला विचारते. कधी बरोबर सांगतो, कधी सुपारीचं सरकार करतो. आम्ही हसतो.

त्या दप्तरावरूनच सध्या मंडळात वाद चालू आहे, आणि तिथे मला तुझी मदत हवी. मला ते स्कॅन करून सगळ्यांना पाहता येईल असं ठेवायचं आहे. मंडळातले दोघे म्हणतात, आपल्याकडे एकच दुर्मीळ चीज आहे, ती लोकांना फुकट दाखवली तर आपल्याकडे येईल कोण? मी त्यांना मागच्या खोलीचा पत्रा दाखवला. तो 2020 चा नवा आहे, पुन्हा उडणार नाही असं कोणी लिहून देत असेल तर दप्तर कपाटात ठेवते.

जुन्या छापील पुस्तकांचंही करायचं आहे, पण तिथे कायदा पाळायचा. लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क राहतो, मग पुढच्या 1 जानेवारीपासून लेखन मोकळं. पालगडचे आपले साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 2011 पासून ते सगळ्यांचे झाले. महामहोपाध्याय काणे दापोलीतच शिकले, ते 1972 ला गेले, म्हणजे त्यांच्यासाठी 2033 उजाडावं लागेल. मी तेव्हा 67 वर्षांची असेन, डोळे राहिले तर करीन. मंडळातल्या एकाला हे गणित सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, तुम्ही निवृत्त होताय ना?"

तुझ्या सुट्टीचं बघ. आलास तर चांगला स्कॅनर कोणता ते इथे बसून ठरवू, वरून कॅमेरा लावायचा की काय ते. कागद काचेखाली दाबायचा नाही, एवढं आत्ताच सांगते. आणि माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलीला कोहाची प्रत दर आठवड्याला दोन ठिकाणी पाठवायला शिकव. ती हुशार आहे, पण जेलपेन वापरते.

बाबांची ढास बरी आहे. मागच्या अंगणातला माड, जो निसर्गात वाकला होता, तो वाकडाच वाढला आणि आता त्याला नारळ धरलेत. कालवं मिळाली नाहीत यंदा.

आणखी एक. 31 तारखेला मला नव्या मुलीला कार्यभार द्यायचा आहे, म्हणजे पडताळणीची अंतिम यादी सही करून द्यायची. येणे पुस्तकांत एक नोंद मी 2011 पासून दर वर्षी पुढे ओढते आहे. दाखल अंक 7318, तीन खंडांतला दुसरा खंड, सभासद: ग्रंथपालांचे चिरंजीव. तू पहिल्या वर्षी हॉस्टेलला जाताना पिशवीत टाकलंस, मी पाहिलं होतं. सगळ्या गावाच्या मागे दंडाची वही घेऊन फिरले आणि घरातल्या चोराला सोडलं, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पहिला आणि तिसरा खंड मागच्या खोलीत होते. त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे.

घेऊन ये. एसटीत खिडकीशी ठेवू नकोस, काच नीट लागत नाही, पाऊस आत येतो.

तुझी,
आई

ता. क. दंड 2012 मध्येच बाबांनी भरलाय. पावती क्रमांक वहीत आहे, पण ती वही जेलपेनची.